यादीत उरलेले नाव

गेले तीन आठवडे आमच्या घरी रोज सकाळी एक छोटासा विधी चालत असे. पूजा आटोपली, चहाचा दुसरा कप झाला, की मी लिहायच्या टेबलाशी जाऊन लॅपटॉपचे बटण दाबत असे. पडदा काळाठिक्कर होई आणि वरच्या कोपऱ्यात रोमन लिपीत एक चिमुकला शब्द उमटे : 'ग्रब'. त्याच्यापुढे एक बाण, आणि बाणापुढे लुकलुकणारी रेघ. मी मुकाट्याने 'एक्झिट' एवढा शब्द लिहून एंटरची कळ दाबत असे. मग कुठे विंडोज जागी होई आणि माझ्या अर्धवट कादंबरीचे दार उघडे. एकदा सौ. शेजारी उभी होती. म्हणाली, "रोज दारात कोण उभं असतं हो तुमच्या?"

मी म्हणालो, "जो घरातून केव्हाच गेलाय, तो."

ही गोष्ट सुरू झाली २०२४ च्या उन्हाळ्यात. संगणक कंपनीत नोकरी करणारा माझा भाचा चार दिवस सुट्टीवर आला होता. माझा लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला आणि डॉक्टरी चेहऱ्याने म्हणाला, "मामा, विंडोज १० ची देखभाल कंपनी पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये थांबवणार. तुमचं मशीन ११ घ्यायला तयार नाही. आत्तापासून लिनक्सची सवय करून ठेवा." मी होय-नाही म्हणेपर्यंत त्याने डिस्कचा साठ जीबीचा तुकडा वेगळा काढून त्यावर उबंटू चढवलेसुद्धा. विंडोजही शाबूत ठेवले. म्हणजे एका घरात दोन चुली. यंत्र सुरू केले की एक यादी दिसे, वर उबंटू आणि खाली विंडोज. आपण काही बोललो नाही, तर दहा सेकंद वाट पाहून यंत्र वरचे नाव आपणच निवडत असे.

उबंटूशी माझे कधी भांडण झाले नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्डस नावाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हौसेखातर लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. जगभरच्या लोकांनी तो फुकट वाढवला आणि २००४ साली त्यातूनच उबंटू आले. हा शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांमधला. अर्थ साधारणपणे 'माणुसकी'. एका माजी बँक अधिकाऱ्याला व्याजाशिवाय आणि तारणाशिवाय कोणी काही देतो याचेच मोठे नवल! पण माझ्या प्रकाशकाकडे मजकूर ज्या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमधून जातो, ते फक्त विंडोजवर चालते. दरम्यान गावातल्या दुरुस्तीवाल्याने सांगितले की लॅपटॉपमध्ये सुरक्षेची जी टीपीएम नावाची चिप लागते, ती मुळात आहेच. फक्त सेटिंगमध्ये बंद पडलेली आहे. ती चालू केली आणि विंडोज ११ निमूटपणे चढले. दुसरी चूल थंडच राहू लागली. तिकडे नातीच्या फोटोंनी डिस्क भरत आली. तेव्हा मी एका दुपारी डिस्क मॅनेजमेंट उघडले, उबंटूचा तुकडा निवडला, 'डिलीट' म्हटले, आणि मोकळी झालेली जागा विंडोजला जोडून दिली. पाच मिनिटांचे काम. आपण या वयातही काही कमी नाही, असे वाटून झोपही छान लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळा पडदा. 'ग्रब'.

भाच्याला फोन लावला. तो हसत सुटला. म्हणाला, "मामा, घर पाडलंत, पण वेशीवरचा वाटाड्या आणि चावडीवरची नोंद दोन्ही तशीच आहेत ना!"

हे वाक्य मला चांगलेच झोंबले, कारण घर आणि चावडी यांतला फरक मला चांगला ठाऊक असायला हवा होता. माझ्यासारख्या इतरांसाठी तो जरा उलगडून सांगतो. संगणक सुरू होण्याला 'बूट' होणे म्हणतात. आपल्याच बुटाच्या मागच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलणे, या अर्थाच्या इंग्रजी म्हणीवरून तो शब्द आला. बटण दाबताच यंत्राला काहीही माहीत नसते. डिस्क कुठे, विंडोज कुठे, काही नाही. त्याला पहिला आधार मिळतो तो मुख्य पाटीवर बसवलेल्या एका चिपमधल्या छोट्या प्रणालीचा. जुन्या यंत्रांत हिला बायोस म्हणत. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक यंत्रांत तिची जागा यूईएफआयने घेतली आहे. या प्रणालीजवळ स्वतःची एक यादी असते : कोणाला आधी उठवायचे, तो नसेल तर कोणाला. ही यादी डिस्कवर नसते, चिपमध्ये असते. म्हणून डिस्कवरचे घर पाडले तरी तिला पत्ता लागत नाही. तिच्या वहीत 'उबंटू' हे नाव पहिल्या क्रमांकावर तसेच राहते.

ती त्या नावाने हाक मारते, तेव्हा उठतो वाटाड्या. त्याचे नाव ग्रब. डिस्कच्या सुरुवातीला एक लहानसा राखीव भाग असतो. प्रत्येक कार्यप्रणाली आपला वाटाड्या तिथे बसवते. आपल्याला रोजच्या वापरात तो भाग दिसतही नाही. उबंटूचा मोठा तुकडा मी पुसला, पण त्याचा वाटाड्या या राखीव भागात बसूनच होता. तो बिचारा रोज उठे, मालकाचे घर शोधी, घर सापडत नसे, आणि मग 'आता काय करू, सांगा' म्हणून काळ्या पडद्यावर उभा राही. त्याच्याकडून कसलीही चूक होत नव्हती. चूक माझी होती. तीन ठिकाणी असलेली गोष्ट मी एकाच ठिकाणाहून काढली होती आणि काम झाले म्हणून हात झटकले होते.

आणि अशी चूक मी पहिल्यांदा केली नव्हती.

१९८८ ची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी बँकेत होतो. तेव्हा खातेवह्या हाताने लिहायच्या. एका शिक्षकाचे बचत खाते आमच्याकडे होते. ते अचानक गेले. त्यांच्या पत्नी कागदपत्रे घेऊन आल्या, मृत्यूचा दाखला, नामनिर्देशनाची पावती, सगळे व्यवस्थित. मी पैसे दिले, खातेवहीच्या पानावर लाल शाईने 'खाते बंद' लिहिले, दोन तिरप्या रेघा मारल्या, सही केली. काम चोख झाले, असे मला वाटले. पण खातेदारांच्या पत्त्यांचे एक वेगळे रजिस्टर असे. पत्रे पाठवायची झाली की शिपाई आणि कारकून त्यावरून पाकिटे लिहीत. त्यातले नाव खोडायचे मी विसरलो.

सहा-सात महिन्यांनी शाखेने सर्व खातेदारांना कसल्याशा नव्या ठेव योजनेचे पत्र पाठवले. चार दिवसांनी त्या बाई काउंटरपाशी आल्या. हातात ते पाकीट. रागावल्या नव्हत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, ह्यांच्या नावानं पत्र आलंय. मला वाटलं, तुमच्याकडे ह्यांचं अजून काही असेल."

मी रजिस्टर काढून त्यांच्यासमोर नाव खोडले, क्षमा मागितली. त्या 'असू द्या' म्हणाल्या आणि पाकीट घडी करून पिशवीत ठेवून गेल्या. ते परत दिले नाही, फाडलेही नाही. 'काही असेल' म्हणताना त्यांच्या मनात पैसे होते की आणखी काही, हे मला तेव्हा कळले नाही. आणि आजही मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मात्र त्या दिवसापासून कोणतेही खाते बंद करताना मी एक चिठ्ठी समोर ठेवू लागलो : हे नाव आपल्याकडे आणखी कुठे कुठे लिहिलेले आहे? खातेवही, अनुक्रमणिका, सहीचे कार्ड, पत्त्यांचे रजिस्टर, चेकबुकाचे रजिस्टर. सगळीकडे टिक झाली की मगच सही.

रंगराजन समितीच्या १९८४ आणि १९८९ च्या अहवालांनंतर पुढे शाखांमधून हळूहळू यंत्रे आली. सुरुवातीला खतावणी करणारी यंत्रे, मग संगणक. त्या संक्रमणात आम्ही कित्येक महिने दुहेरी काम केले. खातेवहीतही लिहायचे आणि यंत्रातही भरायचे. संध्याकाळी दोन्हींची शिल्लक जुळली की चहा, नाही जुळली की रात्री नऊ. तीही एका घरातली दोन चुलींची गोष्टच. एक दिवस हुकूम निघाला आणि वह्या बंद झाल्या. पण ज्या जुन्या नोंदी वह्यांत बंद होऊन यंत्रात उघड्या राहिल्या होत्या, त्या पुढे वर्षानुवर्षे कोणाच्या ना कोणाच्या डोक्याला ताप देत राहिल्या. जोडताना सोहळा होतो, फीत कापली जाते. काढताना कोणीच नसते. उरलेले नाव शोधण्याचे काम पुढच्या कारकुनावर पडते.

आपल्या सातबाऱ्याचे पाहा. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली, वडील जाऊन दहा, आणि उताऱ्यावर आजोबांचे नाव दिमाखात उभे! जमीन कसणारा वेगळाच. वारसाने मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यावी, असे महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आहे; पण भाऊबंदकीत आणि आळसात ते राहून जाते. मग कर्ज काढायचे असते, मुलीच्या लग्नासाठी तुकडा विकायचा असतो, आणि दारात आजोबा उभे : 'आता काय करू, सांगा.' २०२५ साली सरकारला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीमच काढावी लागली, ती याच उरलेल्या नावांसाठी. मतदारयादीतही तेच. नाव वगळण्यासाठी फॉर्म ७ असतो, हे किती घरांत ठाऊक आहे? माणूस गेल्यावर तेरा दिवसांचे सगळे विधी आपण चुकू देत नाही. चौदाव्या दिवसाची कागदपत्रे मात्र चौदा वर्षे राहतात.

आता कोणी म्हणेल, एवढी हुशार यंत्रे ही, तर गेलेल्याचे नाव आपोआप का काढत नाहीत? मलाही प्रथम असेच वाटले होते. थोडा विचार केल्यावर मात्र यंत्राचे म्हणणे पटले. सकाळी एखादी डिस्क सापडली नाही, तर ती पुसली गेली की तिची तार सैल झाली, की कोणी दुरुस्तीसाठी तात्पुरती काढून ठेवली, हे त्या चिपने कसे ओळखावे? आज हाकेला ओ आली नाही म्हणून लगेच नाव खोडणे हा शहाणपणा नव्हे. बँकेतही दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय म्हणतात, बंद म्हणत नाहीत. दहा वर्षे कोणी फिरकले नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली सुरू केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. तरीही खातेदार किंवा वारस केव्हाही येऊन ती मागू शकतो. अशा विसरलेल्या ठेवी शोधायला २०२३ साली 'उद्गम' नावाचे संकेतस्थळही निघाले. म्हणजे नाव राखणे हा दोष नाही, तो सावधपणा आहे. नाव खोडण्याचा निर्णय माणसानेच, खात्री करून, आपल्या हाताने घ्यायचा असतो. यंत्र तो आपल्यावर सोपवते यात त्याचे चुकत नाही. आपण तो घेत नाही आणि रोज 'एक्झिट' म्हणून वेळ मारून नेतो, हे आपले चुकते.

तेव्हा गेल्या रविवारी मी बाह्या सरसावल्या. ज्यांच्या घरी असाच पाहुणा दारात उभा असेल त्यांच्यासाठी क्रम सांगतो. सर्वांत आधी कादंबरीची, फोटोंची, कागदपत्रांची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवली. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून हाताशी ठेवावी. सुरू होण्याच्या क्रमात फेरफार दिसला की यंत्र ती मागू शकते. मग लॅपटॉप सुरू होतानाच ठरलेली कळ दाबून यूईएफआयच्या सेटिंगमध्ये शिरलो. ही कळ प्रत्येक कंपनीची निराळी असते. तिथे विंडोजचे नाव पहिल्या क्रमांकावर आणले. एवढ्याने काळा पडदा जातो आणि पुष्कळजण इथेच थांबतात. पण यादीत नाव उरतेच. खरे तर हे काम मी उबंटू पुसण्याच्या आधीच करायला हवे होते. काही यंत्रांत याच जागी नाव काढून टाकण्याचीही सोय असते. माझ्यात नव्हती.

मग विंडोजमध्ये येऊन कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी 'प्रशासक म्हणून' उघडली. 'बीसीडीएडिट' नावाचा आदेश असतो. त्याला 'एक्स्पोर्ट' सांगून विंडोजच्या नोंदवहीची नक्कल आधी बाजूला ठेवली. मग त्यालाच तिरप्या रेघेनंतर 'एनम' आणि पुढे 'फर्मवेअर' असे सांगितले की चिपमधली सगळी यादी पडद्यावर येते. प्रत्येक नावाला महिरपी कंसात एक ओळखक्रमांक असतो, आकडे आणि अक्षरे मिळून बत्तीस. ज्याच्या वर्णनात 'उबंटू' लिहिले होते त्याचा क्रमांक उचलून 'डिलीट' या आदेशापुढे ठेवला. पण एंटर दाबण्यापूर्वी मी सौ.ला हाक मारली.

"जरा वाच गं वरचं. मी खालचं ताडतो."

"आता बँक पुन्हा सुरू केलीत की काय?" असे म्हणत का होईना, ती बसली. तिने एकेक अक्षर वाचले, मी पेन्सिलीने टिक करत गेलो. सदतीस वर्षांपूर्वी ती शिस्त माझ्याजवळ असती, तर एक पाकीट पोस्टात पडले नसते. बत्तीसही जुळले. एंटर दाबला. काम यशस्वी झाले, असे एका ओळीत यंत्राने कळवले.

शेवटी उरला वाटाड्या. त्या राखीव भागाला 'माउंटव्हॉल' या आदेशाने तात्पुरते 'एस' हे अक्षर दिले, म्हणजे तो भाग दिसू लागतो. आत 'ईएफआय' नावाचा फोल्डर, आणि त्यात तीन-चार फोल्डर शेजारी शेजारी : मायक्रोसॉफ्ट, बूट, कंपनीचा स्वतःचा एक, आणि उबंटू. इथे हात थरथरला तरी चालेल, पण घसरता कामा नये. शेजारचा मायक्रोसॉफ्टचा फोल्डर चुकून गेला, तर घरात उरलेली एकमेव चूलही विझली! फक्त 'उबंटू' नावाचा फोल्डर काढला, बाकी कशालाही स्पर्श केला नाही. हे काम टाळू नये, कारण काही यंत्रे राखीव भागात जुना वाटाड्या दिसला की यादीत त्याचे नाव स्वतःच पुन्हा लिहून टाकतात. एवढ्याने भागले. ज्यांच्या एकाच यंत्रावर दोन विंडोज होत्या आणि एक पुसली, त्यांचे काम याहून सोपे असते : 'एमएसकॉन्फिग' उघडून 'बूट' या पानावर जायचे, गेलेल्याच्या नावावर बोट ठेवायचे आणि 'डिलीट' म्हणायचे. चालू असलेल्या नावापुढे तसे लिहिलेलेच असते; त्याला हात लावायचा नाही.

यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. काळा पडदा नाही, बाण नाही, लुकलुकणारी रेघ नाही. विंडोज सरळ समोर. सौ. म्हणाली, "गेला एकदाचा." मी 'हो' म्हणालो, पण खरे सांगायचे तर क्षणभर चुकल्यासारखे झाले. ज्याच्या नावाचा अर्थ माणुसकी, त्याला यादीतून काढताना सुनावणीदेखील घेतली नव्हती!

या सगळ्या खटाटोपातून माझे मत झाले आहे ते साधे आहे. शाळेत, कचेरीत, दुकानात, घरोघरच्या भाच्यांकडून आपल्याला सुरू कसे करायचे तेवढे शिकवले जाते. खाते उघडणे एका सहीचे, ॲप घेणे एका बोटाचे, दुसरी कार्यप्रणाली चढवणे एका सुट्टीचे. बंद कसे करायचे, आणि बंद केल्यावर नाव कुठे कुठे उरते, हे सांगायला कोणी थांबत नाही. जो कोणी एखादी गोष्ट आपल्या घरात आणून बसवतो, त्याने जाण्यापूर्वी एका कागदावर परतीची वाटही लिहून द्यावी. मी भाच्याला हे फोनवर ऐकवले. तो म्हणाला, "मामा, पुढच्या वेळी नक्की." पुढची वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे.

त्याच संध्याकाळी मी एक कोरा कागद घेतला आणि वर लिहिले : 'माझे नाव आणखी कुठे कुठे लिहिलेले आहे.' बँकेची खाती, लॉकर, विमा, गावाकडची जमीन, गॅसचे पुस्तक, विजेचे बिल, फोन, ईमेल, प्रकाशकाशी झालेले करार. प्रत्येकापुढे ते कोणाला कळवायचे आणि कुठला अर्ज लागतो तेही लिहिले. सौ.ने वाचले, काही बोलली नाही. मग पेन्सिल घेऊन तिने खाली तिचीही यादी सुरू केली. कागद आता कपाटात, लॉकरच्या किल्लीशेजारी आहे. आमच्यामागे मुलांच्या हातात कोणाचे उरलेले पाकीट पडू नये, एवढ्यासाठी.